पहिलं पुस्तक कसं निघतं? : आपल्या आधीच्या बायांची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाची बैठक असते. हप्ते जमा होतात, हिशेबाची वही मिटते, आणि मग खरी बोलणी सुरू होतात. कुणी दुष्काळाच्या सालातलं खडी फोडण्याचं काम सांगतं, कुणी ऊसतोडीला गेल्यावर पालात झालेलं बाळंतपण सांगतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पदर लागतो. आणि सांगणारी शेवटी म्हणते, "माझ्या जन्मावर एक पुस्तक होईल बघा." सगळ्या हसतात आणि उठतात. पुस्तक काही होत नाही.

का होत नाही? आपल्याला वाटतं, पुस्तक लिहिणं हे शिकलेल्यांचं काम. भाषा शुद्ध पाहिजे, वेळ पाहिजे, शहरात ओळख पाहिजे. आज मी तुम्हाला आपल्याच मुलखातल्या काही बायांची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्यापैकी कुणाकडेच हे सगळं एकत्र नव्हतं. तरी त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. ते कसं निघालं, कुणाचे हात लागले, आणि हात कमी पडले तेव्हा काय झालं, हे आपण बघू. म्हणजे आपलं पुस्तक कुठं अडतंय ते कळेल.

पहिली गोष्ट बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, आणि जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या विचाराचे. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेचा खटला चालला. विधवेला दिवस गेले, लोकलाजेपायी तिनं जन्मलेल्या मुलाला मारलं, असा आरोप होता. न्यायालयानं तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून लेख येऊ लागले ते सगळ्या बायकांच्या जातीला नावं ठेवणारे. बायकाच अशा, बायकाच तशा. त्या पोरीला त्या वाटेला लावणारा पुरुष कोण होता, हे कुणी विचारीना.

ताराबाईंना हे सहन झालं नाही. त्यांनी लेखणी घेतली आणि विचारलं की, जे दोष तुम्ही बाईच्या अंगी लावता ते पुरुषात नाहीत काय? विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही, मग बायको मेलेल्या पुरुषाला दुसरी नवरी कशी चालते? पुस्तकाचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. प्रस्तावनेत त्यांनी सांगूनच टाकलं आहे की, हा माझा लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न, मी मराठ्याच्या घरात कोंडलेली बाई, तेव्हा भाषेत उणं दिसेल. मैत्रिणींनो, उणं राहील हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी छापलं. उणं जाईपर्यंत थांबल्या असत्या तर ते पुस्तक कधीच निघालं नसतं.

पण पुढचं ऐका. पुस्तकावर टीका झाली. जोतिराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तेवढा आधार मिळाला. तरी त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक निघालं नाही, आणि हे पहिलंही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा छापलं. मधे किती वर्षं गेली? त्र्याण्णव. आज विद्यापीठात ते पुस्तक अभ्यासाला असतं, त्याची इंग्रजी भाषांतरं झाली आहेत. पण त्र्याण्णव वर्षं आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊकच नव्हतं की, आपल्या बाजूनं एवढं रोखठोक बोलणारी बाई बुलढाण्यात होऊन गेली. तेव्हा ताराबाईंची गोष्ट आपल्याला दोन गोष्टी शिकवते. एक, पुस्तक लिहायला एक धीट बाई पुरते. दोन, पुस्तक टिकवायला एक बाई पुरत नाही.

दुसरी गोष्ट खानदेशातली, आणि ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या बाईची. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्म, शेतकऱ्याच्या घरात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षर ओळखलं नाही. ऐन तिशीत वैधव्य आलं. शेतात राबताना, जात्यावर बसल्यावर त्यांना गाणं सुचायचं आणि त्या ते म्हणायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. ते आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही गाणी कागदावर उतरवून ठेवली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती छापायचा आग्रह धरला, स्वतः प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणजे बाईनं आपलं पुस्तक हातात धरलंच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, जिला शाळा मिळाली नाही त्या बाईचं.

इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली भाषेची. सोपानदेव शिकलेले होते. आईची बोली बदलून पुस्तकी मराठी करणं त्यांना जड नव्हतं. पण त्यांनी तसं केलं नाही. शेतावरची बोली तशीच ठेवली, म्हणून ती गाणी अजून ताजी आहेत. दुसरी गोष्ट दुःखाची. आपल्यापर्यंत आलं ते तेवढंच, जेवढं कुणीतरी टिपलं. जे जात्याच्या घरघरीत म्हटलं आणि कुणी लिहून घेतलं नाही, ते पिठासंगं गेलं. बहिणाबाईंचा मुलगा कवी होता म्हणून आपल्याला निदान एवढं तरी मिळालं. ज्यांचा मुलगा कवी नव्हता, अशा किती असतील!

अशा बायांची आठवण ठेवून पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गेल्या शतकाच्या अखेरीस एक मोठं काम केलं. आपल्या साथीदारांसह ते गावोगाव फिरले आणि जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ओवी सांगणारीचं नाव आणि गावही त्यांनी टिपून ठेवलं. 'कुण्या एका बाईनं म्हटलेली ओवी' असं नाही, तर या गावच्या या बाईची ओवी. नाव राहणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्या घरावर, सातबाऱ्यावर आपलं नाव नसतं. ओवीवर तरी असावं.

आता तिसरी गोष्ट फलटणची, आणि ती मी जरा सविस्तर सांगते. बेबीताई कांबळे. जन्म १९२९, वीरगावचा, महार समाजात. बाबासाहेबांच्या चळवळीच्या वाऱ्यात वाढलेली मुलगी. थोडीफार शाळा झाली, लवकर लग्न झालं, फलटणला संसार सुरू झाला. नवरा-बायकोनं छोटं दुकान घातलं. माल बांधायला जुनी वर्तमानपत्रं यायची. बेबीताई पुडी बांधण्याआधी तो कागद वाचायच्या. मग ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचू लागल्या. आणि वाचता वाचता त्यांना दिसलं की, आपल्या माणसांचं जगणं, आपल्या बायांचे हाल यात कुठंच नाहीत. ते आपणच लिहायला पाहिजेत.

त्यांनी लिहायला घेतलं ते दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. आणि घरात कुणाला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवल्या. एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ वीस वर्षं. बाईनं लिहिलेलं घरात सापडलं तर काय होईल, याची भीती होती. तुम्हाला ही भीती वेगळी सांगायला नको.

त्या वह्या लपलेल्याच राहिल्या असत्या. पण फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या मूळच्या अमेरिकन अभ्यासक बाई राहत होत्या. बोलीभाषेचा अभ्यास करायला आलेल्या आणि इथंच रमलेल्या. बेबीताईंनी लिहिलंय हे त्यांना कळलं. त्यांनी ते वाचलं आणि छापायचा आग्रह धरला. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः येऊ लागलं, आणि १९८६ साली पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'. पुढे त्याचं इंग्रजीत भाषांतर झालं आणि ते परदेशात पोचलं.

नाव नीट बघा. 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं'. एकीनं लिहिलं, पण गोष्ट सगळ्या वाड्याची. त्यात त्यांनी बाहेरच्यांनी केलेला अन्याय लिहिला, तसंच आपल्याच घरात सुनांचा होणारा छळही लिहिला. आपल्यातलं वाईट बाहेर कशाला, म्हणून झाकलं नाही. पण स्वतःच्या संसारातली मारहाण मात्र त्यांनी पुस्तकात मांडली नाही. त्याबद्दल त्या पुढे एका मुलाखतीत बोलल्या. कुणी म्हणेल, मग अर्धीच गोष्ट सांगितली. मला तसं वाटत नाही. किती सांगायचं, कधी सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे ठरवायचा हक्क लिहिणारीचा आहे. ज्या घरात रोज राहायचं आहे, त्या घराचा विचार बाईला करावा लागतो. तुमची वही तुम्हाला सगळं सांगायला लावते असं नाही. आज एक पान लिहा, उरलेलं दहा वर्षांनी लिहा.

त्याच १९८६ साली शांताबाई कांबळे यांचंही पुस्तक निघालं. त्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिहिलं. तेही आधी मासिकात आलं, मग पुस्तक झालं. शिकवायला शाळेत जाणारी बाई, प्रमाण भाषा येत नव्हती असं नाही. तरी पुस्तकाचं नाव त्यांनी आपल्या बोलीतच ठेवलं, 'माज्या जल्माची चित्तरकथा'.

बेबीताई आणि शांताबाईंच्या आधी लक्ष्मीबाई टिळक झाल्या. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून निघू लागली, घरात बसून गप्पा माराव्यात अशा भाषेत, स्वतःच्या फजितीवर हसत. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला.

आता या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. लिहिणारी प्रत्येक ठिकाणी एकच बाई. पण पुस्तक व्हायला कुणाचा ना कुणाचा हात लागला. ताराबाईंना वडिलांनी शिकवलं, जोतिरावांनी पाठीशी उभं राहून बळ दिलं. बहिणाबाईंचं मुलानं आणि त्याच्या मावसभावानं उतरवलं. बेबीताईंचं एका परक्या मुलखातल्या बाईनं ओळखलं आणि एका मासिकानं छापलं. हे हात नशिबानं मिळाले. आपल्या गटाकडे मात्र ते नशिबावर सोडायची गरज नाही. दहा-पंधरा बाया दर महिन्याला एकत्र येतात, एकमेकींवर विश्वास ठेवून पैसे ठेवतात, हिशेब लिहितात. जो गट पैसे सांभाळतो तो शब्दही सांभाळू शकतो.

तर काम कसं चालतं ते क्रमानं सांगते.

आधी उतरवणं. जिला लिहिता येतं तिनं एक वही करावी. पानाच्या एकाच बाजूला लिहावं, समोरची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे मागून आठवलेलं तिथं घालता येतं. तारीख टाकावी. शुद्धलेखनासाठी थांबू नये. जिला लिहिता येत नाही तिनं बोलावं, आणि गटातल्या शिकलेल्या मुलीनं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून मग उतरवावं. उतरवणारीनं शब्द बदलू नयेत. बाई 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहावं. सोपानदेवांनी आईचं जसं ठेवलं तसं. लिहून झालं की सांगणारीला वाचून दाखवावं, आणि पुस्तकावर नाव सांगणारीचं यावं.

मग सांभाळणं. मूळ वही कधीही कुणाच्या हाती एकटी देऊ नये. आधी झेरॉक्स काढावी. एक प्रत घरी, एक गटाच्या पेटीत. ज्या बाईला घरात वही ठेवायची भीती वाटते, तिची वही मैत्रिणीकडे ठेवावी. बेबीताईंना असा गट असता तर वीस वर्षं लागली नसती.

मग वाचून घेणं. एकदम पुस्तकाकडे जाऊ नये. एखादं प्रकरण मासिकाला, दिवाळी अंकाला पाठवावं, गावच्या ग्रंथालयात वाचावं, रेडिओवर वाचावं. ऐकणाऱ्या बायका कुठं गप्प होतात आणि कुठं चुळबुळ करतात, त्यावरून काय ठेवायचं नि काय काढायचं हे कळतं. ज्यांचा उल्लेख नावानिशी येतो, त्या जिवंत माणसांचाही याच वेळी विचार करावा. नाव बदलून गोष्ट खरीच राहते.

मग छापणं. यासाठी दोन वाटा आहेत. एक, प्रकाशकाकडे बाड पाठवायचं. प्रकाशक खर्च करतो आणि लेखिकेला विक्रीवर मानधन देतो. दुसरी वाट, स्वतः खर्च करून छापायचं. दोन्हीत सही करण्याआधी कागद नीट वाचून घ्यावा. कॉपीराइट म्हणजे लेखनावरचा मालकी हक्क. तुम्ही लिहिलं त्या क्षणी तो तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखिकेच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे तो शेतासारखा वारसांना जातो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणून 'कायमचे सर्व हक्क' अशी ओळ दिसली की अंगठा किंवा सही करू नये, आधी जाणत्याला दाखवावं. पैसे घेऊन छापून देणारे असतील तर प्रती किती, त्यातल्या आपल्याला किती, किंमत काय, हे लिहून घ्यावं. बियाणं घेताना आपण पावती घेतो, तसंच हेही.

स्वतः छापायचं ठरलं तर आधी डीटीपीवाल्याकडून मजकूर जुळवून घ्यावा लागतो. मग तो प्रूफ देतो. प्रूफ दोघींनी वाचावं, एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं मूळ वहीत बघायचं. छापखान्यात पुस्तकाचा फॉर्म साधारण १६ पानांचा धरतात, म्हणून पानं त्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. ताराबाईंच्या काळी शेकड्यांनीच छापावं लागे. आज डिजिटल छपाईत ५०-१०० प्रतीही निघतात. पूर्वी पुस्तक छापण्याआधी वर्गणीदार गोळा करायची पद्धत होती. लोक आगाऊ पैसे देत आणि पुस्तक निघाल्यावर प्रत घेत. आपल्या गटांना हे सहज जमेल. पाच गावच्या गटांनी आधीच प्रती नोंदवल्या की छपाईचा खर्च निघतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजनाही आहे. तिची चौकशी गटातल्या एखादीनं जरूर करावी.

पुस्तकाच्या मागे जो आयएसबीएन क्रमांक असतो, तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते. त्याला पैसे पडत नाहीत. कुणी त्या क्रमांकाचे वेगळे पैसे मागितले तर विचारावं की कशाचे.

आणि शेवटचं, ताराबाईंच्या बाबतीत जे राहून गेलं ते. टिकवणं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची असते. आपण स्वतः छापलं तर प्रकाशक आपणच, तेव्हा हे काम आपलं. टपालाचे थोडे पैसे जातील, पण आपल्या गावच्या बाईचं पुस्तक देशाच्या ग्रंथालयात राहील. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक शाळेला द्यावी. आणि गटाच्या बैठकीत वर्षातून एकदा ते मोठ्यानं वाचावं. पुस्तक कपाटात जगत नाही, वाचलं तर जगतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत बचत, कर्ज, परतफेड यांच्या खाली एक ओळ वाढवा : 'एका बाईची गोष्ट'. दर महिन्याला एकीनं सांगायचं, एकीनं उतरवायचं, दोघींनी प्रती ठेवायच्या. वर्षात बारा गोष्टी होतात. बारा गोष्टींचं एक पुस्तक होतं, आणि त्याच्यावर बारा जणींची नावं असतात. पहिली गोष्ट गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीची घ्या. बाकीच्यांना पुढचे महिने आहेत. आजीचं आधी उतरवून घ्या.